पी.टी.च्या तासाला कडेला कोणी बसू नये म्हणून: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

मैदानाच्या कडेला बसलेली मुलं प्रत्येक शाळेत असतात. एकाकडे डॉक्टरांची चिठ्ठी असते, एक बूट विसरलेला असतो, एकीच्या पोटात दर पी.टी.च्या तासालाच दुखतं, आणि एखाद्याला तर कुणी बोलावलेलंच नसतं. नव्याने हा विषय हाती आला की वाटतं, यांच्यासाठी काही खास खेळ शोधावे लागतील. सहसा तसं लागत नाही. जो खेळ चालू आहे त्याचीच मांडणी अशी करायची, की आत शिरायला एकापेक्षा जास्त दारं असतील. बदल मुलात नाही, खेळात करायचा. खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिली सोडून थेट साहित्य खरेदीला गेलात तर पैसे जातील आणि कडेची रांग तशीच राहील.

१. आधी एक तास नुसता मोजा

नेहमीचा तास नेहमीसारखाच घ्या. एका सहकाऱ्याला स्टॉपवॉच घेऊन उभं करा. त्याने तीन मुलं निवडायची: एक खेळात पुढे असणारं, एक मधलं, एक मागे राहणारं. प्रत्येकाकडे दहा-दहा मिनिटं बघायचं. मूल हलत असेल तेवढाच वेळ घड्याळ चालू, थांबलं की बंद. शिवाय चेंडू कितीदा हाताला लागला तेही लिहायचं. मुलांना याबद्दल सांगू नका, नाहीतर सगळीच पळत सुटतील.

मोजणी झाली की दोष कुठे आहे ते आपोआप दिसतं. एका चेंडूमागे दहा जणांची रांग असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला वेळेचा दहावा भाग येतो. त्यात मागचं मूल पुढच्याला जागा देत राहतं आणि त्याची पाळी येईपर्यंत घंटा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि अपंगत्व असलेल्या मुलांनाही हाच आकडा लागू आहे. शाळेचा तास एकटा ही गरज भागवणार नाही हे खरं, पण निदान तो तास रांगेत जाऊ नये.

२. कागदपत्रं: सूट नको, तपशील हवा

"सदर विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षणातून सूट द्यावी" या चिठ्ठीचा उपयोग शून्य. तिच्यातून काय करू नये हे कळत नाही आणि काय करता येईल हे तर मुळीच नाही. त्याऐवजी एक पानी अर्ज छापून घ्या आणि पालकांमार्फत डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून भरून आणा. त्यात एवढंच विचारा:

– कोणत्या हालचाली बिनधास्त करता येतील?
– कोणत्या पूर्ण टाळायच्या, आणि कधीपर्यंत?
– दमल्याची किंवा त्रासाची पहिली खूण कोणती?
– औषध, पंप किंवा उपकरण मैदानावर सोबत लागतं का? ते कुठे असतं?
– त्रास झाला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, कुणाला फोन करायचा?

एक प्रश्न मुलासाठी वेगळा ठेवा: "तुला काय खेळायला आवडेल, आणि कोणती मदत नको आहे?" मदत नको, हा भाग महत्त्वाचा. बऱ्याच मुलांना नको असलेली मदत इतकी मिळते की त्यांना काही करूनच दिलं जात नाही.

याखेरीज पालकांचं संमतीपत्र, तातडीच्या वेळेचा आराखडा आणि इजांची नोंदवही. आराखड्यात रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून येणार आणि किल्ली कुणाकडे असते, इतकं स्पष्ट लिहिलेलं असावं. निदानाचे कागद कुलूपबंद राहू द्या. बदली शिक्षकाला निदान कळायची गरज नसते. काय करायचं नि काय टाळायचं, एवढं कळलं की पुरे.

कुणी जबाबदारी नको म्हणून हात वर केले, तर संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्यातलं ३० वं कलम दाखवा. शाळेतल्या खेळांसह सर्व खेळांत अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

३. साहित्य: चाळीस मुलांसाठी

– मऊ फोमचे चेंडू, दोन-तीन आकारांचे: किमान २०, म्हणजे दोघांत एक
– बीच बॉल: ६
– बीनबॅग: ४०. जुन्या कापडात धान्य किंवा प्लास्टिकचे दाणे भरून शाळेतच शिवता येतात
– शंकू: ३०, शक्यतो तीन रंगांत
– रिंगा: १६
– रुंद रंगीत चिकटपट्टी, सुतळी, लवचिक दोरी
– फोमच्या लांब काठ्या: ६
– एक ठळक रंगाचा झेंडा
– उभी अर्धी चिरलेली पीव्हीसीची नळी, साधारण एक मीटर

ही नळी म्हणजे चेंडू सोडायची उतरण, रॅम्प. ज्या मुलाला चेंडू पकडून फेकता येत नाही, ते ती दिशेला लावून चेंडू नुसता ढकलून सोडतं आणि नेम साधतं. पॅरालिम्पिकमध्ये १९८४ पासून खेळल्या जाणाऱ्या बोचा या चेंडूने नेम साधायच्या खेळात एका गटातले खेळाडू अशीच उतरण वापरतात. तेव्हा तिला "सोपं करून दिलं" असं कुणी म्हणत असेल तर म्हणू द्या.

आवाजाचा चेंडू विकत मिळाला नाही तर साधा चेंडू पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. जमिनीवरून घरंगळताना सळसळ ऐकू येते. हवेत असताना मात्र फारसा आवाज येत नाही, म्हणून तो घरंगळवण्याच्या खेळातच वापरा आणि बाकीच्यांना गप्प राहायला सांगा. हाताला कळणारी सीमारेषा हवी असेल तर जमिनीवर सुतळी ताणून वरून चिकटपट्टी दाबा. बोटांना आणि पायाच्या तळव्याला उंचवटा जाणवतो. गोलबॉल या दृष्टिहीनांच्या खेळाच्या मैदानावरच्या रेषा अशाच बनवतात.

एक धोका: फुगे. हळू येतात म्हणून ते सगळ्यांनाच आवडतात, पण लेटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची, ॲलर्जी असणाऱ्या मुलांना त्यांचा त्रास होतो, आणि स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या मुलांत ही ॲलर्जी बरीच आढळते. पातळ बीच बॉल तेच काम करतो.

४. खेळ बदलायच्या चार जागा

कोणताही खेळ चार ठिकाणी सैल करता येतो: जागा, काम, साहित्य आणि माणसं. एका वेळी एकच बदला. चारही एकदम बदलले तर कशामुळे जमलं हे तुम्हालाच कळणार नाही.

पकडापकडी घ्या. तीस मुलं, एकावर राज्य, पकडला तो बाद, असा नेहमीचा खेळ. यात सर्वांत आधी बाद कोण होतं? ज्याला पळायची सर्वांत जास्त गरज आहे तेच, आणि उरलेला तास ते बाहेर उभं. आता जागा बदला: मैदानात चार रिंगा टाका. रिंगेत पाच सेकंद थांबलेल्याला पकडायचं नाही. काम बदला: पळायचं नाही, सगळ्यांनी भरभर चालायचं, आणि पकडला गेलेला पाच वेळा चेंडू आपटून परत आत येईल. साहित्य बदला: राज्य असणाऱ्याच्या हातात फोमची काठी द्या, म्हणजे कुबड्यांवरच्या किंवा व्हीलचेअरवरच्या मुलाचा हात लांब पोचतो. माणसं बदला: एकाऐवजी पाच जणांवर राज्य, आणि दर मिनिटाला अदलाबदल. व्हीलचेअरवरच्या मुलाला पकडायचं तर खुर्चीच्या पाठीला हात लागला की झालं. समोरून किंवा चाकाजवळ हात घालायचा नाही, बोटं आऱ्यांत अडकतात.

बाद होण्याचा नियम काढला की खेळ मिळमिळीत होतो, ही तक्रार खेळात पुढे असणारी मुलं हमखास करतात. त्यांना नियम ढिला करून द्यायचा नाही, अवघड करून द्यायचा: उलट्या हाताने पकडायचं, किंवा एकाच रेषेवरून फिरायचं. वरच्या बाजूलाही दार उघडं हवं. समावेशक म्हणजे सगळ्यांना सोपं, असं नव्हे.

दुसरं उदाहरण तिरक्या दोरीचं. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मुस्का मॉस्टन यांनी मांडलेली ही कल्पना. उडी मारून ओलांडायची सपाट दोरी वर वर नेत गेलं की एकेक मूल गळत जातं. तीच दोरी तिरकी बांधली की प्रत्येकाला आपली उंची सापडते. तीन-चार मीटर अंतरावर दोन खांब घ्या, एक टोक १० सेंटिमीटरवर, दुसरं ६० वर. दोरी गाठ मारून बांधू नका. लवचिक दोरी नुसती अडकवा, म्हणजे पाय लागला तर ती सुटेल आणि मूल तोंडघशी पडणार नाही. अंधुक दिसणाऱ्या मुलासाठी दोरीला दर हातभर ठळक रंगाची चिंधी बांधा. व्हीलचेअरवरच्या मुलाला हीच दोरी उलट्या अर्थाने द्या: खालून चेंडू सरकवायचा आणि कुठल्या उंचीखालून ते त्याने ठरवायचं.

इथे बहुतेक शिक्षक एक गोष्ट करून बसतात. उंच टोकाकडून उडी मारणाऱ्याला "शाब्बास" म्हणतात. पुढच्याच फेरीला सगळा वर्ग उंच टोकाशी गर्दी करतो, चार जण पडतात आणि खालच्या टोकाशी उभं राहायची कुणाला सोय राहत नाही. शाबासकी उंचीला देऊ नका. नीट वाकून उतरलेल्या गुडघ्यांना द्या, किंवा स्वतःची जागा बरोबर हेरल्याबद्दल द्या.

फेक-झेल, नेमबाजी, रिले, सगळं याच चार जागांतून जातं. व्हॉलीबॉलला तर तयार उदाहरणच आहे: सगळ्यांनी खाली बसायचं. बैठ्या व्हॉलीबॉलचं मैदान १० बाय ६ मीटर आणि पुरुषांची जाळी १.१५ मीटरवर असते. वर्गासाठी दोन खुर्च्यांना बांधलेली दोरीही चालते. उभं राहून उत्तम खेळणारी मुलं बसल्यावर पहिली दहा मिनिटं गोंधळतात, कारण चेंडूखाली पोचायला त्यांना हातांवर सरकावं लागतं.

वेगळं बसवून वेगळा खेळ देणं हा शेवटचा पर्याय. तोही त्या कौशल्याचा वेगळा सराव करायला, थोड्या वेळापुरता. आणि गुण लिहायला बसवणं म्हणजे सहभाग नव्हे. ते काम पाळीपाळीने सगळ्यांनी करावं.

५. चाळीस मिनिटांची आखणी

एका जागी चाळीस मुलं नाचवण्यापेक्षा पाच थांबे करा, प्रत्येकी आठ मुलं. जमणं ३ मिनिटं, अंग सैल करणं ४, प्रत्येक थांब्यावर ५ म्हणजे २५, थांबे बदलायला चारदा एकेक मिनिट, शेवटी श्वास आणि बोलणं ४. झाली चाळीस.

फेकीच्या थांब्यावर २, ४ आणि ६ मीटरवर तीन रंगांचे शंकू ठेवा. त्यांना "सोपं, मध्यम, अवघड" म्हणू नका. नुसतं निळा, पिवळा, लाल. मूल उभं राहील ती त्याची जागा, आणि मधेच बदलायची मुभा. पाचांपैकी एक थांबा शांत असावा: तोल, श्वास, ताणाचे व्यायाम. गोंगाटाने बिथरणाऱ्या मुलाला तिथे थोडं जास्त थांबता येतं, आणि कुणाला ते वेगळं वाटत नाही.

गट तुम्ही पाडा. दोन कप्तान उभे करून एकेकाला निवडायला लावण्याइतकी क्रूर पद्धत शाळेत दुसरी नसेल. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. चिठ्ठ्या टाका, वाढदिवसाच्या महिन्यावर पाडा, काहीही करा. आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. ज्या गोष्टीची गोडी लावायची तीच शिक्षा म्हणून दिली तर पुढे काय अपेक्षा करणार?

६. सूचना देताना

एका वेळी तीनच मुद्दे. बोला, करून दाखवा, लगेच करायला द्या. शिट्टीबरोबर झेंडा वर करा, कारण कमी ऐकू येणाऱ्या मुलाला शिट्टी कळत नाही आणि तो थांबला नाही म्हणून ओरडा खातो. उभं राहताना ऊन तुमच्या डोळ्यांवर असू द्या, मुलांच्या नव्हे, म्हणजे त्यांना ओठ आणि हातवारे दिसतात. "समजलं का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. "पहिल्यांदा काय करणार?" असं विचारा.

न दिसणाऱ्या मुलाला ओढत नेऊ नका. आपला कोपर पुढे करा, ते धरेल आणि अर्धं पाऊल मागून येईल. "इकडे, तिकडे" ऐवजी "डावीकडे तीन पावलं". स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी तासाचा क्रम चार चित्रांत फळ्यावर लावा आणि खेळ संपायच्या दोन मिनिटं आधी सांगून ठेवा. अचानक संपलेला खेळ हे अनेकदा रडारडीचं खरं कारण असतं.

७. तब्येतीच्या सावधगिऱ्या

या घाबरून जायला नाहीत. पाठ असल्या की उलट मुलाला खेळू द्यायचं धाडस येतं.

दमा: पंप वर्गातल्या दप्तरात नको, मैदानावर हवा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी १०-१५ मिनिटं घ्यायचा. अंग सैल करण्याची मिनिटं या मुलांसाठी कधी कापू नका. धाप लागली तर बसवा, आडवं करू नका.

टाइप १ मधुमेह: खेळाआधी साखर तपासलेली असावी. थरथर, घाम, अचानक चिडचिड दिसली तर खेळ थांबवून लगेच विरघळणारी साधारण १५ ग्रॅम साखर द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी मुलाला एकट्याने ऑफिसात पाठवू नका, वाटेत चक्कर येते.

अपस्मार (फिट येणं): झटका आला तर वेळ बघा, आजूबाजूच्या टणक वस्तू हटवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटका ओसरला की कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरा आला तर रुग्णवाहिका. चढणं आणि पोहणं कुणीतरी शेजारी असतानाच.

डाउन सिंड्रोम: काही मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत कोलांटउडी, शीर्षासन आणि ट्रॅम्पोलिन नाही. बाकी सगळं खेळू द्या.

व्हीलचेअर: फेकताना ब्रेक लावलेला असावा, नाहीतर फेकीच्या धक्क्याने खुर्ची मागे सरते आणि नेम बिघडतो. वाळू आणि ओलं गवत टाळा. न विचारता खुर्चीला हात लावायचा नाही, हा नियम वर्गाला पहिल्याच दिवशी सांगा.

मासिक पाळी: सूट घेण्याची सक्ती नको आणि खेळण्याचीही नको. बिनबोभाट कळवता येईल अशी एक खूण ठरवा आणि कमी ताणाचा थांबा खुला ठेवा. स्वच्छतागृहाला जायला चारचौघांत परवानगी मागावी लागत असेल तर मुली त्या दिवशी तासालाच येत नाहीत.

८. मुलांना विचारा, पण नेमकं

"काय खेळायचं?" असं उघड विचारलं की मोठ्या आवाजाचीच मुलं ठरवतात आणि दर वेळी फुटबॉल येतो. दोन पर्याय द्या, डोळे मिटून हात वर करायला सांगा. महिन्यातून एकदा चिठ्ठीवर तीन ओळी लिहून घ्या: कुठे मजा आली, कुठे नकोसं झालं, काय बदलू? नाव लिहिण्याची सक्ती नाही. मग पुढच्या तासाला चिठ्ठ्यांतली निदान एक गोष्ट बदलून दाखवा आणि कशामुळे बदलली ते सांगा. तसं केलं नाही तर तिसऱ्या महिन्यापासून कोऱ्या चिठ्ठ्या येतील.

९. आरोग्याचा तास

दारात एक प्रश्नपेटी ठेवा. प्रत्येकाने दर आठवड्याला चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" असं लिहून. त्यामुळे खरा प्रश्न कुणी टाकला हे कळत नाही. उत्तर देताना "तुमच्यापैकी कुणी" अशी सुरुवात करू नका.

वजन-उंची पडद्याआड, एकेकाची. आकडा मोठ्याने उच्चारायचा नाही, फळ्यावर लिहायचा नाही. वाढत्या वयात वजन आणि उंचीच्या गुणोत्तराचा अर्थ वय आणि लिंगानुसार बदलतो, मोठ्यांचं कोष्टक मुलांना लावलं तर निष्कर्ष साफ चुकतो. आहाराचा धडा घेताना पदार्थांना "चांगले" आणि "वाईट" असे शिक्के मारू नका. घरी काय शिजतं हे मूल ठरवत नसतं.

एखादं मूल जवळ येऊन घरातली किंवा बाहेरची गंभीर गोष्ट सांगायला लागलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुला मदत मिळावी म्हणून मला हे एका व्यक्तीला सांगावं लागेल" असं तिथेच सांगा. शाळेत ती व्यक्ती कोण, हे आधीच ठरलेलं हवं. खोदून प्रश्न विचारू नका. मुलाचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवा.

१०. मोजमाप

वीस मीटरच्या बीप धावण्यात (दर बीपला पलीकडची रेषा गाठायची, आणि बीप जवळ जवळ येत जातात) शेवटी उरणारं मूल कौतुक मिळवतं आणि सर्वांत आधी थांबणारं सगळ्यांच्या नजरेत भरतं. चाचणी घ्यायचीच तर सहा मिनिटांत आपापल्या गतीने किती अंतर गेलं ते मोजा: चालत, धावत किंवा चाकांवर. आकडा मुलाच्या वहीत जातो, भिंतीवर नाही. तुलना त्याच मुलाच्या मागच्या आकड्याशी.

गुण तीन भागांत वाटा: हालचालीतली प्रगती, खेळ समजणं आणि इतरांबरोबर वागणं. पहिल्या भागाला निम्म्याहून जास्त वजन दिलंत तर निकाल जूनमध्येच ठरलेला असतो. गणवेश आणि बुटांना गुण देऊ नका, ते पालकांच्या खिशाचं मोजमाप होतं.

११. वर्ष संपताना

पायरी १ ची मोजणी त्याच तीन मुलांवर पुन्हा करा. मागे राहणाऱ्या मुलाची मिनिटं वाढली नसतील तर खेळ दिसायला छान झाला आहे, एवढंच. मग चिठ्ठ्या चाळा आणि पायरी ४ मधली एक जागा पुढच्या सत्रासाठी निवडा.

कडेला राहणाऱ्या प्रत्येक मुलामागे पुढच्या शिक्षकासाठी अर्धं पान लिहा: काय चाललं, काय नाही चाललं, कोणती मदत त्याला नको आहे. "सहकार्य करते", "गुणी आहे" अशी वाक्यं गाळा. "डाव्या हाताने २ मीटरवरून बीनबॅग रिंगेत टाकते, पिवळी रिंग लवकर दिसते, खुर्ची स्वतः वळवते" असं लिहा. पान मुलाला वाचून दाखवा, ते काही खोडायला सांगत असेल तर खोडा, आणि मग फाइलला लावा.